ताईच्या चित्रातला ओठ

"फोटोत तर हसतीया की पोरगी. चित्रात अशी का काढलीय हिनं?"

काकू शेजारणीला हळूच म्हणाली, पण मी दाराआडच उभी होते. फलटणला काकांच्या घरी, पंचमीच्या दिवशी.

भूत, संकेत, टेलिपथी... मी असल्या गोष्टींवर कधीच विश्वास ठेवला नाही. माणसांचे चेहरे रंगवणं माझं काम आहे. कुठला स्नायू ओढला की कुठला भाव येतो, हे मी शिकलेय. त्यापलीकडे काही नसतं असंच मानायचे.

स्वातीताई, म्हणजे काकांची मुलगी, कुपवाडला दिलीय. पंचमीसाठी माहेरी आणायला तिचा भाऊ मुराळी म्हणून गेला आणि एकटाच परत आला. "ताप आहे, नंतर पाठवतो," म्हणाले सासरचे. ताई समोर आलीच नाही. काकू नीट जेवेना, म्हणून मी तिच्यासाठी ताईचं पोर्ट्रेट करायला घेतलं. साखरपुड्याच्या फोटोवरून.

मी हसूच रंगवलं. सकाळी बघते तर ओठ घट्ट मिटलेले, डाव्या कोपऱ्यात जांभळट सूज. वाटलं, दमून हात चुकला असेल. खरवडून पुन्हा हसू काढलं. सकाळी पुन्हा तेच. आणि डोळे — ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या मागे कोण उभं आहे, ते बघत होते.

तसंच नेऊन काकूला दिलं. शेजारीण गेल्यावरही ती चित्रासमोरून हलेना. मग काकांना म्हणाली, "आवं, गाडी काढा."

कुपवाडला ताई पदर तोंडाशी धरून चहा घेऊन आली. कप ठेवताना पदर सरकला. डावा कोपरा. तोच आकार, तोच रंग.

"बाथरूममदी घसरली. लय वेंधळी हाय," सासू म्हणाली.

"पडले गं," म्हणत ताई हसली, अगदी फोटोतल्यासारखी. डोळे मात्र माझ्या मागे, दारात उभ्या नवऱ्याकडे.

काकू मान खाली घालून बसली. काकांनी कप ठेवला. "बरं, येतो मग आमी," म्हणत ते चपला शोधू लागले.

ते चित्र आता माझ्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ठेवलंय. तो ओठ कुणी काढला, मला अजूनही कळलेलं नाही. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. त्या दुपारी मी ताईचं मनगट धरलं आणि म्हणाले, "काका, थांबा. या वेळी मुराळी मी आहे. ताईला घेतल्याशिवाय जायचं नाही."