अक्काने मोडलेली बरगडी

अक्का गेल्याचं भाचीने व्हिडिओ कॉलवर कळवलं. रडतानाही ती सवयीने हातवारे करत होती... त्या घराची बोलीच ती. माझी चुलतबहीण, सुमनअक्का, जन्मापासून ऐकू न येणारी. महिना झाला, पण मला रडू येत नाही. तिचा तोरा मिरवावासा वाटतो.

तीन वर्षांपूर्वी, मी गावच्या शाळेचा हेडमास्तर असताना, हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती कशी दाबायची याचं शिबिर भरवलं. अक्का पहिल्या रांगेत येऊन बसली. नर्स मोठ्याने आकडे मोजायला सांगत होती. हे अक्काच्या कामाचं नाही, असं ठरवून मी शहाण्याने तिला खुणेने चहाकडे पाठवलं. ती हलली नाही. नर्सचा हात ओढून तिने स्वतःच्या खांद्यावर ठेवला. ताल इथे द्या, म्हणजे झालं. नर्स थापटत राहिली, अक्का रबरी पुतळ्याची छाती दाबत राहिली. पुढे महिनाभर तिने उशीवर सराव केला, खांद्यावर थापटायला माझी बायको. मी हसायचो.

त्याच हिवाळ्यात, मिरच्या वाळत घातल्या होत्या त्या पथारीवर मी कोसळलो. आमच्याकडे माणूस पडला की आधी कांदा धावतो. कोणी तो फोडून माझ्या नाकाशी आणला, कोणी चप्पल. अक्काने कांदा कोपराने उडवला, बायकोला फोनची खूण केली आणि माझ्या छातीवर दोन्ही हात रोवले. बायकोच्या एका हातात १०८ला लावलेला फोन, दुसरा अक्काच्या खांद्यावर. शेजारचे बापूकाका समोर उभं राहून म्हणाले, "गया तो. सोडी दे आते." मग सगळेच म्हणू लागले, गेला तो, सोड आता. रुग्णवाहिका येऊन यंत्राचा झटका देईपर्यंत अक्का थांबली नाही.

दवाखान्यात बायको म्हणाली, "तिले ऐकू येस नई, तेच बरं झायं."

मलाही तसंच वाटलं होतं. पण घरी आल्यावर अक्काने मला बापूकाकांची नक्कल करून दाखवली, ओठांच्या हालचालीसकट. तिला सगळं कळलं होतं. तिने ऐकलं नाही, एवढंच.

येत्या रविवारी पुन्हा शिबिर आहे. ताल खांद्यावरच देणार, सगळ्यांना.

तेव्हा अक्काच्या हातांखाली माझी एक बरगडी मोडली होती. जुळली, पण गारठ्यात दुखते. अक्का भेटली की आधी तिथे बोट टेकवून विचारायची आणि हसायची. आज सकाळी दुखली. बायको शेकायला कापड गरम करून घेऊन आली. मी म्हटलं, दुखू दे थोडी.