बूड टेकलं म्हणून

हाडेविगची नाव अडकली ती भर दुपारी, लख्ख उन्हात. ऱ्हाइनच्या त्या पट्ट्यातून ती बावीस वर्षं ये-जा करत होती. नवरा गेल्यापासून सुकाणूही तिच्याच हातात होतं. सप्टेंबरात पाणी कुठे उतरतं, धार कुठून वळते, सगळं तिला पाठ. तरीही ऐन खोल पाण्यात नावेच्या पोटाखाली काहीतरी खाड्कन आदळलं, फळी फुटली आणि वाइनची चौदा पिंपं घेऊन नाव कलत कलत उथळ कडेला जाऊन बसली.

तिचा दीर गोबेल भोकात चिंध्या कोंबतोय, तोवर किनाऱ्यावर आठ घोडागाड्या येऊन उभ्या राहिल्या.

तिथला कायदा कुणालाही विचारा: नावेचं बूड नदीच्या तळाला टेकलं, की नाव आणि माल किनाऱ्याच्या मालकाचा. सम्राटाने तो कधीच मोडीत काढला होता, पण सम्राट लांब होता आणि किनाऱ्याचा मालक असलेल्या सरदाराचा बुरूज समोर होता.

सरदाराचा कारभारी विपर्ट सावकाश पुढे आला. "बूड टेकलंय, बाई. उतरा खाली."

"गाड्या जुंपून कुणाची वाट बघत होतात, कारभारी?"

"गाड्या पिकासाठी आहेत."

"मग रिकाम्या कशा?"

त्याने आपल्या माणसांना हात केला. माणसांनी पिंपं नेली, शीड नेलं, चुलीवरचं वाटाण्याचं कालवण भांड्यासकट नेलं. नवऱ्याचा लोकरी डगला नेताना हाडेविगने एकाच्या मनगटाला धरलं. त्याने तिला ढकलून दिलं आणि डगला घेऊन गेला. फुटकी नाव मात्र त्यांनी तिथेच टाकली. ती ओढून नेण्याचे कष्ट कोण घेणार?

ते गेल्यावर ती पाण्यात उतरली. जिथे आवाज झाला होता तिथे तिने तीनदा बुडी मारली. तिसऱ्यांदा हाताला लागला तो ओकचा ताजा खुंट, वरून टोक काढलेला. अंगात सणकच गेली तिच्या. वर येऊन तिने गोबेलकडे करवत मागितली. खुंटाचं मुंडकं कापायला दोघांना आळीपाळीने बुड्या माराव्या लागल्या. लाकडाच्या अंगावर सरदाराच्या रानातली खूण डागलेली होती.

तिने दाद मागितली, तेव्हा पंचांची बैठक लिंडनच्या झाडाखाली भरली. सात पंच, सगळे सरदाराच्याच गावचे. हाडेविगने लाकूड त्यांच्यापुढे आदळलं आणि म्हणाली, की नदीत खुंट ठोकून नावा फोडतात आणि मग त्याला कायदा म्हणतात. सर्वांत वडील पंचाने दाढी कुरवाळली.

"बूड टेकलं का, एवढंच कायदा विचारतो, बाई. कशामुळे टेकलं, ते विचारत नाही."

"मग तुम्ही विचारा. तुम्हाला तोंड आहे."

सातही जणांनी आळीपाळीने तेच सांगितलं: बूड टेकलं. लाकडाकडे कुणी पाहिलंही नाही. लाकूड उचलून ती निघाली.

गोबेलने डागडुजी केलेल्या नावेतून दोघं कोलोन शहराच्या धक्क्याला पोचली. तिथे ती एकेका नावेवर चढली, लाकूड समोर ठेवलं, खूण दाखवली. "उद्या हे तुझ्या नावेच्या पोटात घुसणार आहे," एवढंच म्हणायची. काहींनी तिला हाकललं. पण बरेच नदीच्या त्याच पट्ट्यावर जगणारे होते. त्यांनी ठरवलं, की त्या सरदाराच्या धक्क्याला कुणी मीठ उतरवायचं नाही, हेरिंग मासे उतरवायचे नाहीत, त्याची वाइनही भरायची नाही.

मांस वर्ज्य असलेल्या उपासाचे चाळीस दिवस सरदाराच्या घरी मासाही शिजला नाही. ईस्टरच्या आधी विपर्टने बैल लावून स्वतःच खुंट उपटले. एक नाही, अकरा निघाले.

मग तो तीन पिंपं घेऊन तिच्या दारी आला. धन्याने दया म्हणून पाठवलीत, म्हणाला.

"दया नको मला," हाडेविग म्हणाली. "ही तुझीच होती, आम्ही चोरली, असं म्हण आणि आत आण."

विपर्टने पिंपं पुन्हा गाडीवर चढवली. तसं म्हणणं त्याच्या हातात नव्हतं. ती दार लावून आत गेली.

"वहिनी, तीन पिंपं होती ती," गोबेल कळवळून म्हणाला. "खाणार काय आपण?"

तो दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. डागडुजी केलेली नाव मालाचं ओझं पेलेना, म्हणून नंतरचं वर्ष दोघांनी लोकांच्या नावांवर वल्ही मारून काढलं, आणि तिच्या तोंडून सरदाराचं नाव शिवी जोडल्याशिवाय निघालं नाही. कायदा तसाच राहिला होता.