पाच मिलिमीटर

रमाकांत गेल्याची बातमी मला प्रमोदने फोनवर दिली. सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. "आपला रमाकांत गेला रे, झोपेतच..." एवढं बोलून तो लगेच म्हणाला, "ती चाकूंची पेटी वहिनींकडेच असते ना?" मी फोन ठेवला. त्याला आज सहा महिने झाले. ते दुसरं वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहितो आहे. प्रमोद हे नाव मी बदललेलं आहे. तो स्वतःला ओळखेल.

रमाकांतची दिवेआगरला सुपारीची वाडी. छंद मात्र घडीच्या जुन्या चाकूंचा. म्हशीच्या शिंगाच्या मुठीचे, पितळी खिळ्यांचे, कोळी जाळं कापायला खिशात ठेवत ते, असे एकूण त्रेचाळीस चाकू त्याच्या पेटीत होते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही सहाजण त्याच्या ओटीवर जमायचो. मी मुरुडहून जायचो. करडं फडकं अंथरायचं आणि आपापले चाकू उघडून त्यावर मांडायचे. नियम एकच. चाकू कुणी कुणाच्या हातात द्यायचा नाही. फडक्यावर ठेवायचा आणि दुसऱ्याने तिथून उचलायचा. हातोहात दिला की दोघांत वैर येतं, असं रमाकांतची आई सांगायची. मी जमीन मोजणारा माणूस, असलं काही मानत नाही, पण नियम कधी मोडला नाही. नवा चाकू आला की रमाकांत तो वहीच्या पानावर ठेवून पेन्सिलने त्याची कड काढायचा आणि शेजारी मी घेतलेली मापं लिहायचा. "काय मोजणीदार, चाकूवर माशी बसली तर तिचा पन माप घेशील काय?" असं चिडवायचा, आणि अर्ध्या मिलिमीटरची शंका आली तर परत मोजायलाही लावायचा.

प्रमोदला तिथे मीच नेलं. ही चूक माझी. त्याचं मुरुडला लॉज आहे. चार वर्षांपूर्वी त्याने रमाकांतच्या वडिलांचा चाकू फोटोसाठी म्हणून दोन दिवस मागून नेला. वडील तो कमरेला लावून पोफळीवर चढत. पात्यावर लोहाराने ठोकलेली माशाच्या शेपटीची खूण होती आणि वापराने आलेला काळपट निळा रंग होता. प्रमोदने ते पातं ग्राइंडरवर धरलं. "बघ, कसा चकाचक केलाय! थँक्यू तरी म्हण!" म्हणत त्याने चाकू फडक्यावर ठेवला. शेपटी पुसली गेली होती. रमाकांतने तो उचलला, बराच वेळ उलटसुलट करून पाहिला, मग खाली ठेवून मला म्हणाला, "मोज." पात्याची रुंदी सतरा मिलिमीटर होती, ती बारा भरली. मी तोंड उघडणार तोच त्याने हाताने थांबवलं. प्रमोद गेल्यावर म्हणाला, "ओटीवर आलेला मानूस हाय. त्याला काय बोलायचा?" त्यानंतर तो चाकू त्याने फडक्यावर कधीच मांडला नाही. चार वर्षं तो गप्प राहिला... मी राहणार नाही.

तेराव्यानंतरच्या रविवारी वहिनींनी आम्हाला बोलावलं. प्रमोद स्पंज लावलेली बॅग घेऊनच आला. "रमाकांत माझा गुरू, वहिनी. लॉजवर काचेचं कपाट करून घेतलंय. वर त्याचं नाव, खाली माझं. थोडे गंजलेत, ते मी साफ करून घेतो."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. "भावजी, ह्या प्रमोदभावजींचा चाकू पेटीत कितवा?"

प्रमोदने हौसेने रमाकांतला एक चाकू दिला होता. "एकतीस," मी वही न उघडता सांगितलं.

"काढा तो."

मी काढला आणि सवयीने फडक्यावर ठेवायला वाकलो.

"खाली नको," वहिनी म्हणाल्या. "हातात द्या."

बाकीचे तिघं बघत राहिले. प्रमोदचा हात आपोआप पुढे आला होता. वहिनी काय म्हणाल्या हे त्याला उशिरा कळलं. मी चाकू त्याच्या तळहातावर ठेवला आणि त्याची बोटं मिटेपर्यंत माझा हात काढला नाही.

"आणि बाकीचे?"

"बेचाळीस इथेच राहतील," मी सांगितलं. "पहिल्या रविवारी आता तू येऊ नकोस."

"अरे, एका चाकूसाठी एवढं?"

"पाच मिलिमीटरसाठी," मी म्हटलं. मला फार बरं वाटलं, ते कशाला लपवू?

पहिला रविवार आम्ही चालू ठेवला आहे. फडकं आता वहिनी अंथरतात. वडिलांचा चाकू पुन्हा मांडतो. वहीचं पहिलं पान उघडून मी तो रमाकांतने काढलेल्या पेन्सिलीच्या रेषेत ठेवतो. मुठीशी रेषा बरोबर जुळते. धारेच्या बाजूला मात्र कोऱ्या कागदाची एक पट्टी उरते. झालं गेलं विसरून जा, असा निरोप प्रमोदने दोनदा पाठवला. वही मिटण्याआधी मी ती पट्टी दर वेळी मोजतो. ती अजून पाचच भरते.