शेजारणीची रोटी

सी तुहामींनी भोकं पाडायचा काटा खाली ठेवला, तेव्हा फळ्यांवरच्या चोवीस रोट्या अगदी एकसारख्या दिसत होत्या. पुण्यकर्म केल्यासारखं त्यांना समाधान वाटलं.

आयुष्य जमीन-नोंदणीच्या कचेरीत गेलेलं. बायकोचा गुडघा सुजला म्हणून कच्च्या रोट्यांची फळी घेऊन ते पहिल्यांदाच, गल्लीभरच्या रोट्या भाजून देणाऱ्या बा अल्लालच्या भट्टीवर आले होते. बघतात तो काय, फुगायला ठेवलेल्या रोट्यांवर कुठे तीन भोकं, कुठे अंगठ्याचा ठसा, कुठे चिमटा! छे, काय हा गबाळेपणा! बा अल्लाल मागे सरपण आणायला गेलेला. तुहामींनी अंगठे-चिमटे सपाट केले आणि सरसकट पाच-पाच भोकं पाडली.

ती आधीची भोकं, अंगठे, चिमटे म्हणजे घराघरांची खूण होती. फेस शहराच्या त्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं.

बा अल्लालने नेहमीप्रमाणे गप्पा मारत रोट्या आत सरकवल्या. बाहेर काढल्यावर मात्र त्याला सगळीकडे पाचच भोकं दिसली, आणि शेजारी तुहामींनी ठेवलेला काटा. तीस वर्षांत एक रोटी चुकीच्या घरी गेली नव्हती. कोपऱ्यावर नवी बेकरी उघडलेली. आज घोळ झाला, तर उद्यापासून बायका तिकडेच वळणार.

तेवढ्यात बायका आल्याच.

"ती टपोरी माझी!"

"तुझी कुठली? तुझी कधी फुगते तरी का गं?"

"पुरावा द्या, पुरावा!" तुहामी मध्येच ओरडले.

"सी तुहामी, न्याय मागणाऱ्याची पिशवी चांगली रोटी घ्यायला आधीच उघडी असते," बा अल्लाल म्हणाला. मग त्याने कडेच्या दोन करपलेल्या रोट्या उचलल्या. "हं, यांच्यावर कुणाचा हक्क?"

सगळ्या जणी मागे सरल्या. टपोरीवर हक्क सांगणारी लल्ला हबीबा तर छताकडे बघू लागली.

बा अल्लाल हसला. त्याने प्रत्येक रोटीचा कडेचा तुकडा मोडला. "आता आपली ओळखू नका. शेजारणीची ओळखा."

बायकांनी तुकडे तोंडात टाकले मात्र!

"अगं बाई, एवढं मीठ? ही हबीबाची!"

"आणि ही बडीशेपेची खिरापत कुणाची? झुबैदाची! नवरा बिचारा खातो कसा?"

"ही कच्ची. घाईघाईत मळलेली. रहमाशिवाय कोण?"

ज्या बायकांना स्वतःची रोटी ओळखता येत नव्हती, त्यांनी शेजारणींच्या वीस रोट्या चुटकीसरशी लावून दिल्या. करपलेल्यासुद्धा मुकाट्याने आपापल्या घरी गेल्या. भांडणं पुरेशी झाली, पण रोटी एकही चुकली नाही. जाताना हबीबा बजावून गेली, "उद्या लवकर पेटव रे, बा!"

बा अल्लालने कपाळावरचा घाम पुसला. फळीवर चार रोट्या उरल्या होत्या.

"या आमच्या असणार," तुहामी ओशाळून म्हणाले. "पण बा, आमच्या रोटीत कुणालाच कशी खोट सापडली नाही?"

"खोट रोटीत नाही, सी तुहामी, ती घेऊन येणाऱ्यात आहे."