गेलेल्या बाबूंची हजेरी

नांदेडच्या त्या कार्यालयात प्रत्येकाला दोन पासवर्ड लक्षात ठेवावे लागत. एक फायलींचा, एक हजेरीचा. लोक दोन्ही विसरत आणि संगणक सांभाळणाऱ्या माझ्या नावानं खडे फोडत. शेवटी वैतागून मी दोन्ही यंत्रणा एकमेकींना जोडून टाकल्या. एकीकडे पासवर्ड बदलला की दुसरीकडे आपोआप बदलणार, आणि एकदा आत शिरलं की फायलीही उघडणार, हजेरीही लागणार. सगळे खूश झाले. मीही झालो, खोटं कशाला बोलू.

फायलींवर शेवटची मंजुरी मोठ्या बाबूंची असे. त्यांचा पासवर्ड शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना पाठ होता, कारण साहेबांना कुणाची वाट बघायची सवय नव्हती. भर पावसाळ्यात बाबू हृदयविकारानं गेले. आम्ही दोन मिनिटं उभे राहिलो, मग खाली बसून कामाला लागलो. मंजुऱ्या त्यांच्याच पासवर्डनं होत राहिल्या.

दिवाळीनंतर त्यांच्या पत्नी मुखेडहून एसटीनं आल्या. थोरल्या मुलीला बाबूंच्या जागी नोकरी मिळावी म्हणून त्यांनी अर्ज केला होता. घर त्या एकाच आशेवर होतं. सरकारी काम, सहा महिने थांब, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण हा अर्ज थांबला नव्हता, परतच आला होता.

"दादा, मालक रोज कामावर येऊन राहिले म्हणं," त्या म्हणाल्या. "अग्नी दिलेला तर म्या डोळ्यांनी पाहिलाय."

मी पडद्यावर पाहिलं. बाबू आजही हजर होते. असा संताप आला की कुणाला विचारायच्या भानगडीत न पडता मी त्यांचं खातं दोन्हीकडे बंद केलं. आता अर्ज पुन्हा घेतला जाणार होता. हजेरी बंद झाल्याचा कागद निघेपर्यंत त्या बाकावर बसल्या.

तासाभरात कार्यालय ठप्प झालं. एकही फाईल पुढं सरकेना. साहेब तरातरा बाहेर आले.

"बाबूंचं चालू करा हो. नवा माणूस येईपर्यंत. मुलीच्या अर्जाचं नंतर बघू."

बाकावर कोण बसलंय ते त्यांनी पाहिलंच नव्हतं. बाई उठल्या. आवाज चढवला नाही.

"साहेब, छातीत दुखून राहिलं व्हतं, तवा बी तुम्ही त्यांना रजा दिली न्हाई. आता तरी द्या."