ओनोरे कोलारचा आवाज

ओनोरे कोलारला सगळं यायचं, आणि तेच त्याच्या मुळावर आलं.

बातिन्योल वस्तीतल्या आमच्या नाटकगृहात मी नटांना कपडे चढवायचे. ओनोरेला मी पाद्री केलं, खाटीक केलं, सरदार केलं. एकदा आजारी पडलेल्या नटीच्या जागी दाई म्हणूनही उभं केलं. प्रेक्षक हसायचे, रडायचे, आणि बाहेर पडताना "तो खाटीक कोण होता गं?" असं एकमेकांना विचारायचे. सिनेमातही तेच. कधी हॉटेलातला वाढपी, कधी फाशी जाणारा चोर. मोठी भूमिका दुसऱ्याला. आमचे मालक व्हास्लँ म्हणायचे, "तुला नायक केलं तर बाकीची कामं कोण करणार रे?" याला ते कौतुक समजायचे! मला तर त्यांच्या डोक्यात टोपल्यातला मुकुट घालावासा वाटायचा.

पोटासाठी ओनोरे परदेशी सिनेमांना फ्रेंच आवाज द्यायचा. एखादा नट एकदा गळ्यात पडला की जन्मभराचा. ओनोरेच्या गळ्यात पडला अमेरिकेचा रस्टी ब्रॅनिगन, ढेरपोट्या, कायम वेंधळ्या हवालदाराच्या कामात. भलत्याच घराला लाथा घालायचा आणि ओरडायचा, "दार उघडा!" रविवारी संध्याकाळी अख्खा देश टीव्हीपुढे बसून त्याला हसायचा.

साठी उलटल्यावर ओनोरेचं नशीब फिरलं. मुख्य नट मालकांशी भांडून निघून गेला आणि दुसरं कुणी मिळेना. ओनोरे माझ्या खोलीत आला.

"युगेत, मला राजा मिळाला."

"कुठला? पत्त्यातला?"

"पोटच्या मुलाला देहदंड देणारा. मुख्य काम आहे गं." एवढं बोलून तो कपड्यांच्या ढिगावर बसला आणि रडला. "एकदाच लोकांनी मला ऐकून गप्प व्हावं. मग मेलो तरी चालेल."

तालमीत तो असा बोलला की सुतारांनी हातातला पाव खाली ठेवला. मीही डोळे पुसले. आम्हा कुणाच्याच डोक्यात काही आलं नाही. कसं येणार? रविवारी आमचे दोन-दोन खेळ असायचे. टीव्हीवरचा तो हवालदार आमच्यापैकी कुणी धड पाहिलाच नव्हता. ओनोरेला तो फक्त अंधाऱ्या खोलीत, ओठ जुळवण्यापुरता, तुकड्यातुकड्यांनी माहीत.

पहिल्या खेळाला मी त्याचा झगा बांधला आणि दोन शिव्या हासडल्या. आमच्यात शुभेच्छा देत नाहीत, शिवीच देतात, आणि ती खाणाऱ्याने आभार मानायचे नसतात. ओनोरे इतका हरखला होता की "आभारी आहे गं" म्हणून गेला. झाला अपशकुन!

खेळ सुरू होण्याचे तीन ठोके पडले. पडदा उघडला. मुलाला कोंडलेल्या तळघरापुढे राजा आला, थांबला, आणि म्हणाला, "दार उघडा!"

सगळं नाटकगृह खदखदून हसलं.

ओनोरे थांबला. त्याला वाटलं, झगा सुटला असेल. त्याने हळूच कंबर चाचपली. पुढचं वाक्य बोलला, तर हसू दुप्पट. वरच्या सज्जातून कुणीतरी ओरडलं, "हवालदारसाहेब, घर चुकलं!" मग काय, आवरणंच अशक्य. त्याने एक वाक्य गाळलं नाही. मुलाचं प्रेत आणलं तेव्हा लोक हसून हसून डोळे पुसत होते.

व्हास्लँ नाचतच आत आले. "उद्याची सगळी तिकिटं गेली! जाहिरातीत ब्रॅनिगनचं नाव टाकतो."

"मी राजा आहे," ओनोरे म्हणाला.

"राजा नंतर हो बाबा. आधी हसव."

तो ऐकेना. दुसऱ्या दिवसापासून त्याने आवाज बदलला. खर्जातला, घोगरा, स्वतःचा नसलेला. तरी लोकांना हवालदारच ऐकू यायचा. मग तो आणखी जोर लावायचा. मी म्हटलं, "अरे, घसा फाटेल." "फाटू दे," म्हणाला. एके दिवशी तिसऱ्या अंकात राजाने तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. रुमालावर रक्त होतं. डॉक्टरांनी मान हलवली. त्यानंतर ओनोरे फक्त कुजबुजायचा, तेही तोंडाशी कान नेऊन ऐकावं लागे.

राजा दुसऱ्याने केला. लोक गप्प बसून ऐकत. मला त्या माणसाचा राग राग यायचा, बिचाऱ्याचा काही दोष नसताना.

उन्हाळ्यात नाटकगृह बंद झालं. एका रविवारी मी मसुराचं कालवण घेऊन ओनोरेकडे गेले. टीव्हीवर ब्रॅनिगनचा नवा सिनेमा लागला होता. ओनोरेचाच आवाज, तेच खाकरणं, तेच ओरडणं. माझा चमचा हातातच राहिला. ओनोरेने कागदाच्या कपट्यावर लिहिलं, 'नवा पोरगा. माझी नक्कल करतो. चांगली करतो.' मग तो पुढे सरकून, डोळे मिटून, शेवटपर्यंत ऐकत राहिला.

मला पोचवायला तो जिन्यापर्यंत आला. खालच्या मजल्यावरच्या मादाम ग्रिमो दारातच उभ्या होत्या, अजून हसत. त्याला पाहून त्या टाळ्या वाजवू लागल्या.

"मस्यू कोलार! आज तर कमाल केलीत हो! इतकं छान तुम्ही कधीच बोलला नव्हतात."

मी तोंड उघडलं, तर ओनोरेने माझा दंड घट्ट धरला. मग छातीवर हात ठेवून तो कमरेत वाकला, अगदी खाली, आणि मादाम ग्रिमोंच्या टाळ्या थांबेपर्यंत तसाच राहिला.