विहिरीवरचे टेपवाले

“मोटार कवा बंद केली?”

रामराम नाही, पोराबाळांची चौकशी नाही. आमच्या विहिरीवर आले की या गृहस्थांचा पहिला प्रश्न हाच. मोटार चालवणं हे आमच्या घराण्याला लागलेलं व्यसन असावं आणि ते सोडवायला सरकारनं यांना नेमलं असावं, असा एकूण सूर.

म्हसवडच्या अलीकडे आमचं गाव. जमिनीखालचं पाणी मोजायला सरकारनं गावातली एक विहीर निवडली, ती नेमकी आमची. कठड्यावर लाल रंगाची खूण केली. वर्षातून चार वेळा हे साताऱ्याहून यायचे, त्या खुणेपासून पाणी किती खाली आहे ते मोजायचे, वहीत आकडा लिहायचे आणि जायचे. काम एवढंच, पण चेहरा सत्यनारायणाला बसलेल्या यजमानासारखा. गावात सगळे त्यांना टेपवाले म्हणत.

टेपच्या टोकाला वजन बांधलेलं असे. ते आत सोडताना टेपवाले डोळे मिटून विहिरीकडे कान करत. वजन पाण्याला टेकलं की “लागलं” म्हणत, टेप वर ओढत आणि पुन्हा सोडत. असं तीनदा. तिन्ही वेळा आकडा तोच. एकदा मी म्हणालो, “टेपवाले, पाणी पळून जातंय व्हय?”

“पाणी न्हाई पळत, मालक. माझं ध्यान पळतं.”

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्याशी वाद घालता येत नाही आणि त्यांना चहाही पाजता येत नाही.

एका मार्चात कांद्याला पाणी चालू होतं. टेपवाल्यांची गाडी वळणावर दिसली तशी मी मोटार बंद केली आणि छातीठोकपणे सांगितलं, “काल सांजच्यापासनं बंद हाय.” त्यांनी मोटारीवर हात ठेवला आणि झटकन काढला. “कालपासनं लय तापलीय,” म्हणाले आणि बाभळीखाली तोंडावर टोपी घेऊन आडवे झाले. उपसलेलं पाणी पुन्हा जागेवर आल्याशिवाय मोजणार नाहीत. चार तास गेले. बायकोनं भाकरी नेली, तर “माप झाल्यावर.” चहा नेला, तरी “माप झाल्यावर.” तिकडे कांद्यानं माना टाकल्या. त्या दिवशी मी मनातल्या मनात दिलेल्या शिव्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत.

पुढे आमच्या गावाला पाणी अडवायच्या स्पर्धेचं वेड लागलं. श्रमदान झालं. त्यात चर कमी खणले आणि फोटो जास्त निघाले. मी तेव्हा ग्रामपंचायतीचा सदस्य, त्यामुळे पुढच्या रांगेत फावडं धरून मीच. नंबर ठरणार होता पावसाळ्यानंतरच्या विहिरीच्या पातळीवर. पाऊस काही झाला नाही. मग सरपंचांना कल्पना सुचली. त्यांचं शेततळं बोअरच्या पाण्यानं भरलेलं होतं. तिथून पाइप टाकायचा आणि विहीर भरून घ्यायची. दोन दिवस पाणी सोडलं. “आवं, उन्हाळ्यात हेच पाणी लागंल की,” एवढं फक्त माझी बायको म्हणाली. आम्ही तिला स्पर्धा समजत नाही म्हणून गप्प केलं.

टेपवाले आले. कठड्याभोवती आम्ही पंधरा जण फेटे बांधून उभे. त्यांनी डोळे मिटून टेप सोडला आणि वजन लगेच टेकलं. डोळे उघडून त्यांनी आत पाहिलं.

“हिरीत मासं कवा सोडलं?”

सरपंचांनी शेततळ्यात मासे पाळले होते, हे आम्ही पंधराही जण विसरलो होतो. बोटभर पिल्लं खाली मजेत फिरत होती.

“आपसूक झाल्यात,” सरपंच म्हणाले.

“म्हंजी भुईतनं वर आलं म्हणायचं,” टेपवाले म्हणाले आणि वहीत शेरा लिहिला: बाहेरून पाणी सोडले आहे, हे माप धरू नये. तीन आठवड्यांनी ते परत आले. तोवर सोडलेलं पाणी मुरून गेलं होतं. खरं माप घेतलं, पाणी तळाशीच होतं.

गावाचा नंबर गेला. मग आम्ही तक्रार अर्ज केला. हा कर्मचारी दारू पिऊन मोजमाप करतो, असं त्यात लिहिलं. जो माणूस माप झाल्याशिवाय चहा घेत नाही, त्याच्याबद्दल हे लिहिलं. माझं अक्षर चांगलं, म्हणून अर्ज मी लिहिला. सह्या पंधरा. चौकशी बसली आणि निवृत्तीला तीन-चार महिने उरले असताना त्यांची बदली पलूसकडे झाली.

एप्रिलमध्ये विहिरी आटल्या. बायका घागरी घेऊन तीन कोस जाऊ लागल्या, त्यात माझीही. टँकर मागायला आम्ही तहसीलला गेलो. तिथल्या बाईंनी फाइल उघडली. “तुमच्या गावाचं ऑक्टोबरचं दुसरं माप आहे म्हणून टँकर मिळतोय,” त्या म्हणाल्या. “पहिलंच धरलं असतं, तर तुम्ही यादीत आलाच नसता.”

टँकर आला. सरपंचांनी नारळ फोडला आणि आपण केलेल्या पाठपुराव्याबद्दल भाषण केलं. मी टाळ्या वाजवल्या. घरी बायकोनं विचारलं, “त्या माणसाला कुणी कळवलं का?” कुणीच कळवलं नव्हतं. मला लाज वाटली, आणि ती उशिरा वाटली याची जास्त.

तोवर ते निवृत्त झाले होते. पत्ता काढून मी साताऱ्याला गेलो. त्या अर्जातलं अक्षर माझं, हे तोंडावर सांगायचं ठरवलं होतं. दार त्यांच्या पत्नीनं उघडलं.

“कुठनं आलाय?”

मी गावाचं नाव सांगितलं. आतल्या खोलीत खाट करकरली. चपलांचा आवाज झाला आणि मागचं दार हळूच लागलं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. “घरात न्हाईत ते,” म्हणाल्या.